आठ हात फिल्म

“मावशी, आज तुम्ही यंत्रापाशी बसायचं नाही. आज तुम्ही पाहुण्या. या, इथं पुढच्या खुर्चीत,” नवे सर म्हणाले आणि चौथीच्या एकतीस मुलांनी बाकं बडवून वर्ग डोक्यावर घेतला.

रीळमावशीला कसंनुसं झालं. सत्तावीस वर्षं ती या शाळेतल्या मुलांना फिल्मा दाखवत आली होती, पण कायम मागून. प्रोजेक्टरच्या घरघरीशेजारी उभी राहून, एक हात रिळाजवळ ठेवून. आणि डोळे पडद्यावर नव्हे, मुलांच्या चेहऱ्यांवर. पडद्यावर काय चाललंय ते तिला मुलांच्या तोंडावर वाचता येई. वाचनालयाची दोन कपाटं आणि फिल्मांची एक लोखंडी पेटी, एवढा तिचा संसार. नेमणुकीच्या कागदावर तिचा हुद्दा चांगला लांबलचक होता, पण त्या कागदाबाहेर तो कधी कुणी उच्चारला नाही. मुलांनी रीळमावशी म्हटलं, मग मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्याही तेच म्हणायला लागल्या. आता निवृत्तीला तीन महिने राहिले होते.

नव्या सरांना शाळेत येऊन चार महिने झाले होते. भिंतीवरचा तो भलाथोरला काचेचा पडदा त्यांच्याच खटपटीनं आला. माणूस उत्साही, मनानं निर्मळ. मावशीला खूश करायचं म्हणून गेला आठवडाभर त्यांनी शोधाशोध केली होती.

“तुमचीच फिल्म मिळवलीय, मावशी. बदकाची! अख्खी. आणि रंग बघा नुसते!”

“अगं बाई,” मावशी म्हणाली.

बदकाची फिल्म या शाळेत पाहिली नाही असं मूल नव्हतं. काही मुलांच्या आयांनी ती याच खोलीत बसून पाहिली होती. मावशीच्या रिळाचे रंग उडून सगळं विटेसारखं लालसर झालं होतं, आणि फिल्ममधला माणूस कुठल्याशा परक्या भाषेत बोलायचा. म्हणून मावशीनं पहिल्या वर्षीच त्याचा आवाज बंद करून टाकला आणि गोष्ट स्वतः सांगायला सुरुवात केली. देवाची कथा सांगावी तशी सांगायची ती. मधेच ताल धरून, मधेच गुणगुणून, मधेच एकदम थांबून. सात पिल्लं अंड्यांतून बाहेर येत. आई पुढं आणि ती सात मागं, अशी वरात गवतातून तळ्याकडे निघे. मग रिळात जोड होता तिथं चित्र जरासं उडी मारी, आई झटक्यानं मान पुढं वळवी आणि चालायला लागे. या मानेच्या झटक्यावर मुलांचा फार जीव. त्या क्षणी सगळा वर्ग एकदम मान वळवायचा, आणि हसून हसून लोळायचा.

पाण्यात मात्र पिल्लं सहाच असत.

“सातवं कुठंय?” असं दर वर्षी कुणीतरी विचारीच. मावशी सांगे, “ते पलीकडच्या वाटेनं गेलंय. पोचलं ते. कुठं पोचलं, ते तुम्ही शोधा.” आणि मग ‘सातव्याची वही’ निघे. निळ्या कापडात बांधलेली, चार जाड वह्या एकत्र शिवलेली. दर वर्षी चौथीची मुलं तिच्यात आपापली पानं जोडत. वाचनालयातलं दुसरं कुठलंही पुस्तक इतक्या वेळा घरी गेलं नव्हतं. एका पानावर सातवं पिल्लू जुन्या बुटात राहायला गेलं होतं. एकावर ते टपालाच्या ऑफिसात शिक्के मारत होतं. एका मुलानं फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘ते बरं आहे. काळजी करू नये.’

आणि ही वही गोष्टींच्या कपाटात नव्हती. खऱ्या पुस्तकांच्या कपाटात होती, पक्ष्यांच्या रांगेत. मावशीनंच तिथं ठेवली होती.

खिडक्यांचे पडदे ओढले गेले. फिल्म सुरू झाली आणि मुलांनी ‘आऽऽ’ केलं. गवत इतकं हिरवं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पिल्लं पिवळीधमक. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. देवानं असे रंग केले होते, आणि आपण इतकी वर्षं मुलांना विटा दाखवल्या, असं तिच्या मनात आलं.

वरात निघाली. एकतीस माना झटक्यासाठी तयार झाल्या.

पण झटका आलाच नाही. आई चालतच राहिली. पिल्लं चालत राहिली. मावशी खुर्चीत ताठ बसली. हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. गवतावरून एक सावली सरकली. आणि मग, डोळ्याचं पातं लवायच्या आत, वरून घार आली, आणि गेली.

कुणी ओरडलं नाही. ओरडायलासुद्धा जरा वेळ लागतो, तेवढाही मिळाला नाही. पाठीमागं एक मुलगा भीतीनं फिसकन हसला आणि गप्प झाला. नव्या सरांचा हात बटणाकडे गेला, तोवर पडद्यावर तळं आलं होतं. निळंशार पाणी. सहा पिल्लं पोहत होती.

“मावशी,” पहिल्या बाकावरून आवाज आला. “सहाच आहेत.”

ती शंकासूर होती; सारख्या शंका काढते म्हणून सगळे तिला तेच म्हणत. नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची. जिने, खिडक्या, बाईंच्या साडीवरचे ठिपके, सगळं मोजणारी. यंदा सातव्याच्या वहीसाठी ती अकरा दिवस पाण्याच्या टाकीमागच्या तळ्यावर जाऊन बसली होती. ‘एकूण सत्तेचाळीस बदकं पाहिली. एक जरा वेगळं पोहतं. ते सातवं असावं, पण अजून खात्री नाही,’ असं तिचं पान होतं.

“सहाच आहेत,” ती पुन्हा म्हणाली. “पलीकडची वाटच नाहीये.”

 

*

वाचनालयात येऊन ती स्टुलावर बसली ती बसलीच. पाण्याचा पेला भरला होता, तो तसाच हातात.

मावशीनं मुलांपासून लपवलं, असं आता सगळे म्हणणार. पण ते तितकं सरळ नव्हतं. मावशीलाही ठाऊक नव्हतं.

नोकरीला लागून तिसरा आठवडा होता तेव्हा. त्या वेळचे मुख्याध्यापक कडक. तिच्या हातून एक दिवा फुटला होता आणि “आता आणखी काही मोडलंत तर घरी बसा” असं ते सगळ्यांसमोर बोलले होते. त्यात खात्याकडून ही नवी कोरी फिल्म आली. मुलांना दाखवण्याआधी एकदा चालवून बघावी म्हणून तिनं ती यंत्रावर चढवली, आणि शिपाई दारात काही विचारायला आला म्हणून दोन मिनिटं तिकडं वळली. मागं वळून बघते तो रीळ अडकलेलं, कडेची भोकं फाटलेली, आणि फिल्मचं भेंडोळं जमिनीवर. तिनं घाईघाईनं फाटलेला भाग कापला, दोन्ही टोकं जोडली. आठ हात भरला तो तुकडा. गोल गुंडाळून औषधाच्या पत्र्याच्या डबीत घातला आणि डबी खणात पार मागं ढकलून दिली. आत काय होतं ते तिनं पाहिलं नाही. आपली चूक उजेडात धरून कोण बघत बसतं?

मग फिल्म दाखवली त्या पहिल्याच दिवशी एका मुलीनं विचारलं, सातवं कुठंय? सातवं त्या डबीत होतं, एवढंच तिला माहीत होतं. आपण फिल्म कापली हे बाहेर फुटू नये, म्हणून ती पटकन म्हणाली, पलीकडच्या वाटेनं गेलं. दुसऱ्या वर्षी तेच म्हणाली. पाचव्या वर्षी तिला ती वाट दिसायलाच लागली. दहाव्या वर्षापर्यंत वहीत इतकी पानं झाली की सातवं जगलंच नसेल असं तिच्या स्वप्नातही आलं नाही.

मधल्या सुट्टीत खिडकीखाली गलका उठला. मैदानावर या शाळेची एक शपथ होती. कुणाचा विश्वास बसला नाही की मुलं छातीवर हात ठेवून म्हणत, “रीळमावशीचं खरं!” त्यापुढं वाद संपे.

“आउट नव्हतो मी! रीळमावशीचं खरं!” एक मुलगा ओरडला.

“हो का?” दुसरा म्हणाला. “मग आउटच आहेस तू! पलीकडच्या वाटेनं जा!”

सगळे खो खो हसले. मावशीनं हातातला पेला खाली ठेवला आणि खिडकी लावून घेतली.

दार ढकलून नवे सर आले. चेहरा पडलेला. त्यांच्यामागून मोठ्या बाई.

“मावशी, माझी चूक झाली. मी आधी बघायला हवी होती. शेवटपर्यंत बघितलीच नाही मी. नुसते रंग बघितले.”

“तुमची कसली चूक, सर?”

“अहो, एवढं काय झालंय दोघांना?” मोठ्या बाई म्हणाल्या. बाई मनाच्या चांगल्या, पण प्रत्येक गोष्टीचा निकाल घंटा व्हायच्या आत लागायला हवा. “निसर्ग आहे तो. घारीलाही पोट आहे. दोन दिवसांत विसरतील पोरं. फक्त ती वही तेवढी काही दिवस आत ठेवा, म्हणजे झालं.”

“बाई, एक सुचवू?” सर म्हणाले. “मुलांना सांगून टाकू, की ही निराळी फिल्म. निराळं बदक. मावशींच्या फिल्ममधलं बदक वेगळं, त्याचं सातवं पिल्लू पोचलं. मीच सांगतो. माझ्यावर विश्वास ठेवतील.”

“हे बरं,” मोठ्या बाई म्हणाल्या.

मावशी दोघांकडे बघत राहिली. किती सोपं होतं! आणि किती ओळखीचं. सत्तावीस वर्षांपूर्वी अगदी असंच, एका दमात, तिच्या तोंडून निघालं होतं. तीन महिन्यांचा तर प्रश्न. हार, नारळ, दोन भाषणं. आणि शाळेत तिचं नाव खरेपणाची शपथ म्हणून राहिलं असतं.

“नको,” ती म्हणाली.

“अहो, पण मावशी…”

“नको, सर. एकेकाळी मी हेच केलंय. आता त्यावर तुमचा जोड नको.” तिनं खण ओढला, पार मागं हात घातला आणि ती डबी टेबलावर ठेवली. झाकणावर गंज धरला होता. “उद्या पहिल्या तासाला मला चौथीत पाच मिनिटं द्या.”

*

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली तेव्हा एरवी होणारा गोंगाट झाला नाही. मुलं उभी राहिली, बसली. त्यांचं ते शहाण्यासारखं बसणंच तिला झोंबलं.

तिनं सगळं सांगितलं. ताल नाही, गुणगुणणं नाही. दिवा फुटला तो, शिपाई आला तो, कात्री, डबी.

“म्हणजे तुम्ही पण बघितलं नव्हतं?” काल मैदानात ओरडणाऱ्या मुलानं विचारलं.

“नाही रे.”

“कध्धीच?”

“काल तुमच्याबरोबरच बघितलं.”

मावशीला माहीत नसलेलं काही जगात असू शकतं, हे मुलांना घारीपेक्षाही नवीन होतं.

“मग पोचलं असं का सांगितलंत?”

“घाबरले होते. नोकरी जाईल म्हणून.”

“आणि नंतर?”

“नंतर…” मावशीनं हातातल्या डबीकडे पाहिलं. “नंतर तुम्ही मुलांनी इतकं छान लिहिलंत, की मलाच खरं वाटायला लागलं. पण सुरुवात खोट्यानं झाली. त्याची मी माफी मागते. तुमची, आणि तुमच्या आधीच्या सगळ्यांची. ते काही आता भेटायचे नाहीत, म्हणून तुमच्याकडेच मागते.”

मागच्या बाकावरची एक छोटी रडायला लागली. नवे सर खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

“डबीत काय आहे?” शंकासुरानं विचारलं.

“तोच तुकडा.”

“बघितलात?”

“अजून नाही.”

“का?”



*

मधल्या सुट्टीत शंकासूर वाचनालयात आली. डबा खाल्ला नव्हता. आल्या आल्या तिनं खऱ्या पुस्तकांचं कपाट उघडलं, पक्ष्यांच्या रांगेतून सातव्याची वही काढली आणि टेबलावर आणून ठेवली. मावशीला वाटलं, हिला आपलं पान फाडून न्यायचंय. तिनं कात्रीसुद्धा पुढं सरकवली.

“कात्री कशाला? भिंग द्या.”

“कशाला गं?”

“मोजायचंय.”

दोघी खिडकीशी गेल्या. मावशीनं डबीचं झाकण टेबलाच्या कडेवर आपटून सैल केलं. आतली गुंडाळी इतक्या वर्षांनी उलगडायला तयार होईना. सोडली की पुन्हा गोल व्हायची, जशी काही तिलाच बघून घ्यायचं नव्हतं. मावशीनं एक टोक धरलं, दुसरं हातभर पुढं धरलं, आणि पट्टी काचेसमोर उजेडात आली. बोटाच्या नखाएवढी चित्रं, एकाखाली एक.

शंकासुरानं भिंग डोळ्याला लावलं.

“सात,” ती म्हणाली. पट्टी सरकली. “सात. सात. सात…”

मावशी धरून होती. मुलीचा आवाज एकसुरी, जपमाळेसारखा. शंभर झाली. दोनशे झाली. मावशीचे खांदे भरून आले. बाहेर मैदानावर आरडाओरडा चालू होता, आणि इथं सात पिल्लं एकेका चित्रात एकेक पाऊल टाकत होती.

“तीनशे बारा,” शंकासूर म्हणाली, आणि थांबली.

“पुरे, बाळा,” मावशी म्हणाली. “पुढं नको.”

“पुढचं पण मोजायचं. अर्धं मोजलेलं धरत नाहीत.”

पट्टी सरकली. सावली. मग पंख. पंखांच्या चित्रांना मुलगी नुसतं “एक, दोन, तीन” म्हणत गेली; ओठ पांढरे पडले होते, पण एकही चित्र तिनं गाळलं नाही. मावशीनं डोळे मिटून घेतले होते.

“मावशी.”

“हं.”

“आई थांबलीय.”

मावशीनं डोळे उघडले. शंकासुरानं भिंग तिच्या हातात दिलं. नखाएवढ्या चित्रात गवत होतं, सहा इवले ठिपके होते, आणि बदकीण पाय रोवून उभी होती. मान पूर्ण मागं वळवलेली.

“पुढच्यात बघा.”

पुढच्यातही तशीच. त्याच्या पुढच्यातही. सहा पिल्लं तिच्या पायांशी घुटमळत होती आणि ती मागं बघत होती. काल पडद्यावर घारीकडे बघण्यात हे कुणाला दिसलंच नव्हतं. शंकासूर मोजत राहिली. तुकड्याचं शेवटचं टोक आलं तेव्हा ती म्हणाली, “एकशे आठ. एकशे आठ चित्रं ती मागं बघतेय. एका सेकंदाला किती चित्रं, मावशी?”

“चोवीस.”

मुलीनं बोटांवर हिशेब केला. “साडेचार सेकंद.” मग जरा थांबून, “आणि मग?”

मग काय, ते मावशीला ठाऊक होतं. त्यापुढचं चित्र पेटीतल्या रिळात होतं, जोडाच्या पलीकडचं अगदी पहिलं. आई झटक्यानं मान पुढं वळवते आणि चालायला लागते. ज्याच्यावर सत्तावीस वर्षं सगळा वर्ग हसून लोळत आला, आणि ज्याच्याकडे बघत, मागं उभी राहून, मावशीही हसत आली, तेच ते.

ती स्टुलावर बसली. तिच्या हातातून पट्टी सुटली आणि आपली आपण गोल होऊन मांडीवर पडली.

शंकासुरानं वही उघडली. आपलं पान काढलं, पण फाडलं नाही, खोडलंही नाही. सत्तेचाळीस बदकांच्या खाली एक ओळ सोडली आणि लिहिलं. लिहून झाल्यावर वही मावशीकडे वळवली.

‘तीनशे बारा चित्रांपर्यंत सात होती. मग घार आली. मग आई एकशे आठ चित्रं मागं बघत उभी होती. हे मी स्वतः मोजलं आहे. मावशींनी धरलं होतं.’

घंटा झाली. मुलगी वही घेऊन उठली, आणि दोन कपाटांच्या मधे उभी राहिली. शंकासुरानं खऱ्या पुस्तकांचं कपाट उघडलं, पक्ष्यांच्या रांगेत जागा होती तिथं वही सरकवली, दार लावलं आणि वेण्या उडवत वर्गाकडे पळाली.

दुपारी शाळा सुटली. मावशीनं पेटीतून बदकाचं रीळ काढलं. जुना जोड नखानं उकलला. मग चिकटपट्टीचे लहान लहान तुकडे कापून, फाटलेल्या कडा एकेक करत जुळवून, आठ हातांचा तो तुकडा तिनं पुन्हा जागच्या जागी बसवला. यंत्र तो ओढणार नाही, हे तिला माहीत होतं. ते यंत्रही आता कुणी लावणार नव्हतं. तरी तिनं दोन्ही जोडांवर अंगठा दाबून धरला, नीट चिकटेपर्यंत. मग रीळ डब्यात ठेवलं, डबा पेटीत ठेवला आणि दिवा मालवून दारापाशी आली.

कुलूप हातात होतं. कडी लावायची तेवढी बाकी होती. ती मागं वळून बघत उभी राहिली.